भांडण कुणाशी, वाद कशावर, हुज्जत कुणापुढे

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातली मे महिन्यातली एक संध्याकाळ धरून चालू. सोसायटीत पाण्याचा टँकर आलाय. टँकरवाल्याने पाइप आधी ए विंगच्या टाकीत सोडला, बी विंगमधल्या एकाने तो ओढून काढला, आणि पुढची दहा मिनिटं काय चाललंय ते दोन्ही विंगांच्या जिन्यांना ऐकू आलं. रात्री वॉचमन सांगतो, "राडा झाला." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "नळावरचं भांडण, दुसरं काय!" सेक्रेटरी समितीच्या इतिवृत्तात लिहितात, 'पाणीवाटपावरून सभासदांमध्ये वाद झाला.' प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलंच, तर तिथल्या कागदावर 'शाब्दिक बाचाबाची' उमटते. आणि ज्याने पाइप ओढला तो घरी बायकोला सांगतो, "काही नाही गं, थोडं आर्ग्युमेंट झालं."

पाचही जण खरंच बोलतायत. प्रसंग एकच, पण प्रत्येकाने त्यातलं वेगळं काहीतरी उचललंय. शब्दकोशाला विचारावं तर तो हात वर करतो. भांडण म्हणजे तंटा, तंटा म्हणजे कलह, कलह म्हणजे भांडण, असं फिरून आपण पुन्हा टँकरपाशीच. मग वाटतं, आवाजाच्या चढत्या क्रमाने हे शब्द लावून टाकावेत: खाली कुरबूर, वर राडा. तेही जमत नाही. अबोल्यात आवाज अजिबात नसतो, पण भांडण शंभर टक्के असतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापासून धरला तरी अर्धं शतक उलटून गेलं, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे बोलतात ते कागद. तरी त्याला कुणी 'सीमेची कुरबूर' म्हणत नाही, आणि 'सीमेचं भांडण' असंही छापून येत नाही.

माझ्या मते मराठीने हे शब्द आवाजावर मोजलेलेच नाहीत. समोर कोण आहे, मध्ये काय आहे, बघायला कोण उभं आहे आणि मिटवायला कुणी यावं लागतं, या चार गोष्टींवर त्यांची वाटणी झाली आहे.

भांडणाला माणूस लागतो, तोही ओळखीचा. एक साधी कसोटी घेऊन बघा. 'त्यांचं भांडण झालं' असं म्हणता येतं, तसंच 'त्यांचं भांडण आहे' असंही म्हणता येतं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ आत्ता कुणी ओरडतंय असा नसतो. ते एकमेकांकडे जात नाहीत, लग्नाची पत्रिका दिली तरी आहेराला मुलाला पाठवतात, असा होतो. 'त्यांची बाचाबाची आहे' हे मात्र मराठीत बसत नाही. भांडण ही घटनाही आहे आणि नात्याची अवस्थाही. म्हणून क्रियापदंही त्याच्याभोवती एवढी जमलीत. भांडण काढतात, उकरून काढतात, ओढवून घेतात, दुसऱ्यांत लावून देतात. ते जुंपतं, विकोपाला जातं, मिटतं आणि पुन्हा उकरलं जातं.

घरात भांड्याला भांडं लागायचंच, हे आपण इतकं ऐकलंय की भांडण हा शब्द भांड्यातूनच निघाला असावा असं वाटतं. तसं नाही. संस्कृतात 'भण्ड्' असा धातू आहे, अर्थ थट्टा करणं, निर्भर्त्सना करणं. पालीत तर 'भंडन' हा शब्द जवळजवळ आपल्याच अर्थाने येतो, कलह आणि विवाद यांच्या पंगतीत. पाली ग्रंथांतलं सर्वांत गाजलेलं भंडन कौशांबीच्या भिक्षूंचं. त्याचं कारण अट्ठकथेत, म्हणजे टीकाग्रंथात, दिलंय: एका भिक्षूने शौचालयातल्या भांड्यात वापरून उरलेलं पाणी तसंच ठेवलं. तो धम्म सांगणारा होता, आक्षेप घेणारा विनयाचे नियम जाणणारा. दोघांचे शिष्य दोन बाजूंना उभे राहिले, संघ दुभंगायची वेळ आली. खुद्द बुद्धांनी समजावलं तरी कुणी ऐकेना, तेव्हा ते पारिलेय्यक वनात निघून गेले. उरलेल्या पाण्यावरून एवढं महाभारत झालं हे मनवेलपाड्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला चटकन पटेल.

आणि हे कौशांबीचं दूरचं गाऱ्हाणं म्हणून सोडून द्यायला नको. मनवेलपाड्याहून थोड्याच अंतरावर सोपारा आहे. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना स्तूप सापडला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. चौदाही लेखांचा संच इथे असणार असं अभ्यासक मानतात. गिरनारसारख्या ठिकाणी शाबूत राहिलेल्या बाराव्या लेखात सम्राट प्रजेला बजावतो की आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, वाणीवर ताबा ठेवा. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी या बंदराच्या गावात, शब्दाने शब्द वाढू नये म्हणून सरकारी दगड बसवलेला असण्याची बरीच शक्यता आहे. त्याचा उपयोग किती झाला ते विरार लोकलमध्ये चढून कुणीही तपासावं.

वादाचं तंत्र निराळं. वादाला आधी विषय लागतो, माणूस नंतर. 'कुणाशी' हे न सांगताही वाद पुरा होतो: पुतळ्याचा वाद, नामांतराचा वाद, आरक्षणाचा वाद. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली, तेव्हा काही गावांनी आम्हाला त्यात घेऊ नका म्हणून आंदोलन केलं, आणि गावं आत की बाहेर हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. त्यात गावाची माणसं बदलली, पदाधिकारी बदलले, वाद तोच राहिला. भांडणाचं असं होत नाही, माणूस गेला की बहुतेक वेळा तेही जातं. कायद्यालाही म्हणून हाच शब्द मानवतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो तो वाद. तिथे उभे राहणारे वादी आणि प्रतिवादी. टँकरच्या पाइपवरून काय झालं याची तिथे कुणाला फिकीर नसते. कलमात बसणारा मुद्दा काय, तेवढं विचारलं जातं.

मराठीत वाद या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांनी मिळवून दिली. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र होते. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. आधी राजकीय की आधी सामाजिक, संमतिवयाचा कायदा व्हावा की नाही, हा मजकूर अनेक वर्षं दोन्हीकडून छापून येत होता. आपण आजही त्याला टिळक-आगरकर वादच म्हणतो. खरं तर दोघांत भांडणही होतं, चांगलंच कडू होतं, दोघांच्या शिक्षणसंस्थेतल्या पगारापासून स्वभावापर्यंत सगळं त्यात आलेलं. पण भांडण त्यांच्याबरोबर संपलं. १८९५ मध्ये आगरकर गेले, 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. वाद त्यांच्यामागे शिल्लक राहिला आणि दुसऱ्या माणसांनी तो घेतला.

आपल्या न्यायशास्त्राने तर याही पुढे जाऊन वादाचे प्रकार पाडले. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांची यादी आहे, त्यात वाद, जल्प आणि वितंडा हे तीन ओळीने येतात. सत्य काय ते कळावं म्हणून दोघं प्रमाण आणि तर्क मांडतात तो वाद. यात हरण्यात कमीपणा नाही. जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प. यात शब्दच्छल चालतो, दिशाभूल चालते. छलाचं जुनं उदाहरण मोठं मासलेवाईक आहे. कुणी म्हणावं, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरच्याने म्हणावं, नऊ कुठे दिसतायत, एकच तर आहे! आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच मांडायची नाही, समोरचा जे म्हणेल ते फक्त खोडून काढायचं. वितंडाचा आपण मराठीत वितंडवाद केला, म्हणजे त्या शास्त्राने ज्याला वाद म्हणायला नकार दिला त्यालाच आपण वादाचं शेपूट चिकटवलं. जल्प मात्र मधली कितीतरी शतकं पडून होता. अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी समाजमाध्यमांवरच्या ट्रोलना 'जल्पक' म्हणायला सुरुवात केली. शब्द नेमका निवडलाय, यात शंका नाही. मला विचाराल तर त्यातले निम्मे जल्पकही नाहीत, वितंडक आहेत. आपली बाजू काय हे त्यांना एकदाही सांगावं लागत नाही.

हुज्जतीकडे वळू. अरबीत 'हुज्जत' म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मोठा भारदस्त शब्द. मराठीत येईपर्यंत तो घसरला आणि त्या घसरण्यातच त्याची खुबी आहे. व्याकरणात हुज्जतही कुणाशी तरीच घालतात, पण तो कुणीतरी बरोबरीचा नसतो. एसटीच्या वाहकाशी, तिकीट तपासनिसाशी, रेशन दुकानदाराशी, वाहतूक पोलिसाशी हुज्जत घातली जाते. समोर नियम हातात घेऊन बसलेला माणूस आणि अलीकडे आपण. बातमीत 'प्रवाशाने तपासनिसाशी हुज्जत घातली' असं येतं. उलट, 'तपासनिसाने प्रवाशाशी हुज्जत घातली' हे वाचायला विचित्र वाटतं. अधिकारी हुज्जत घालत नाही, तो दमदाटी करतो किंवा अरेरावी करतो. म्हणजे पुरावा मागणाऱ्याच्या तोंडी असला की युक्तिवाद, आणि अर्जदाराच्या तोंडी असला की हुज्जत. लहान मुलांनाही आपण म्हणतो, 'हुज्जत घालू नकोस.' 'भांडू नकोस' हे दोन भावंडांना सांगायचं, 'हुज्जत घालू नकोस' हे आईने लेकराला. घरातही उतरंड कोणती हे शब्दच दाखवून देतो.

बाचाबाचीला उतरंड नाही, नातं नाही, आणि विशेष म्हणजे कर्ताही नाही. भांडण मी 'करतो', वाद 'घालतो', हुज्जत 'घालतो', बाचाबाची 'होते'. 'मी त्याच्याशी बाचाबाची केली' असं सहसा कुणी कबूल करत नाही. पोलिसांना आणि वार्ताहरांना हा शब्द आवडतो तो यामुळेच, सुरुवात कुणी केली याचा निवाडा न करता प्रसंग नोंदवता येतो. त्याची घडणही बघण्यासारखी आहे: मारामारी, रेटारेटी, ढकलाढकली, झोंबाझोंबी या सगळ्यांच्या मांडणीतलाच तो, म्हणजे याने त्याला आणि त्याने याला. एकमेकांचे केस धरून चाललेल्या लढाईला संस्कृतात 'केशाकेशि' म्हणतात, आणि असे समास कसे बनतात याचा वेगळा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत दिलाय. व्याकरणकारालाही अशी दृश्यं पाहायला लांब जावं लागत नसणार.

विरारकरांना तर त्यासाठी स्टेशनपर्यंतच जायचं. चर्चगेट ते विरार हा सुमारे साठ किलोमीटरचा प्रवास, आणि त्यातली विरार फास्ट. बोरिवलीचा माणूस विरार गाडीत का चढला, चौथ्या सीटवाल्याने आणखी किती सरकायचं, बॅग पाठीवर ठेवायची की पुढे, यावर जे होतं ते भांडण नव्हे. दोघं उद्या एकमेकांना ओळखणारही नाहीत. ती बाचाबाची, आणि मीरा रोडच्या आत ती संपली नाही तर धक्काबुक्की.

कायद्याच्या नजरेत इथेच एक रेघ आहे आणि ती ठाऊक असलेली बरी. नुसती बाचाबाची हा गुन्हा नाही. शांतताभंग व्हावा अशा हेतूने किंवा तो होईल हे ठाऊक असताना मुद्दाम केलेला अपमान पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ मध्ये यायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ लागू आहे. हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस तो नोंदवून घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. सोसायटीच्या गेटवर जी 'एनसी टाकीन' ही धमकी ऐकू येते, ती हीच. ज्याच्यावर ती टाकली जाते तो घाबरतो, जो टाकतो त्याला वाटतं आता पोलीस उचलून नेतील. दोघांचाही अंदाज चुकतो. सार्वजनिक जागी दोघं-तिघं प्रत्यक्ष एकमेकांना भिडले आणि लोकांची शांतता बिघडली, तर संहितेचं कलम १९४ येतं. त्याची शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हाच दंड शंभर रुपये होता.

फिर्यादीत आणखी एक वाक्य हमखास भेटतं, 'मागील भांडणाची कुरापत काढून.' किती अचूक मराठी आहे ही! भांडण मागचं, अवस्था म्हणून पडून असलेलं. कुरापत आजची, मुद्दाम शोधलेली. आणि त्यातून पुढे बाचाबाची, शिवीगाळ, मारहाण. एका ओळीत कालक्रम, हेतू आणि नातं. भाषेचे मास्तर या कागदांकडे फारसे वळत नाहीत, हे मराठीचं नुकसान आहे.

राजकीय बातमीदारांचा कोश वेगळा, त्यावर फार थांबायला नको. युतीत आधी धुसफूस असते, मग कुरबुरी, मग खटके उडतात, बैठकीत खडाजंगी होते. घरात कुरबूर एकवचनी, पक्षात ती नेहमी अनेकवचनी. खडाजंगीतला 'जंग' फारसी, म्हणजे युद्ध. पण तिला बंद दारामागची बैठक आणि बाहेर ताटकळणारे वार्ताहर दोन्ही लागतात. बातमी फुटली नाही तर ती खडाजंगी झालीच नाही.

कलगीतुऱ्यावर मात्र थांबायला हवं, कारण वर्तमानपत्रांनी या शब्दावर थोडा अन्याय केलाय. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांना टोले हाणले की 'कलगीतुरा रंगला' असा मथळा येतो. मुळात ही शाहिरांची परंपरा. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. एकाने कवनातून कोडं टाकायचं, दुसऱ्याने कवनातूनच उत्तर द्यायचं, बघायला सगळं गाव. विरार-नालासोपाऱ्यात रत्नागिरीकडून आलेली घरं पुष्कळ, त्यांना हा प्रकार शक्ती-तुरा म्हणून ठाऊक आहे. त्याचे सामने मुंबईतल्या नाट्यगृहांतही होतात आणि लोक तिकीट काढून येतात. इथे जहाल बोललं जातं, घराणं काढलं जातं, पण उत्तर वृत्तात आणि पुराणाच्या आधाराने द्यावं लागतं. ते न जमलेला हरतो, मग आवाज कितीही मोठा असो. हा नियम विधानसभेला लावला तर किती सभासद बोलायला उभे राहतील, कोण जाणे.

इंग्रजीनेही आपला पसारा असाच मांडलाय. 'डिबेट' नियमांची, 'डिस्प्यूट' हक्काचा, 'ऑल्टरकेशन' पोलिसांच्या कागदातलं, 'क्वारल' नात्यातली, 'बिकरिंग' म्हणजे आपली किरकिर. 'रो' हा विलायती शब्द भांडण या अर्थाने 'राउ' असा उच्चारायचा, ओळ या अर्थाने 'रो'. स्पोकन इंग्लिशच्या वर्गात हे सहसा कुणी सांगत नाही. गंमत 'आर्ग्युमेंट'ची. इंग्रजीत वकिलाचा युक्तिवादही तोच आणि नवरा-बायकोचं तोंड वाजणंही तेच. आपल्याकडे तो शब्द आला आणि पांघरूण झाला. भांडण म्हटलं की लाज वाटते, आर्ग्युमेंट म्हटलं की दोन्ही बाजूंना मुद्दे होते असं सुचवता येतं. हपिसात तर तेही नको वाटतं, तिथे 'डिस्कशन' होतं.

राहिला तंटा. त्याला तिसरा माणूस लागतो. तंटा मिटवायचा असतो, तोडायचा असतो; दोघांनीच मिटवला तर त्याला तंटा म्हणण्याइतका तो वाढलाच नव्हता. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. भांडणमुक्त किंवा वादमुक्त असं नाव दिलं नाही, आणि ते बरंच केलं. भांडणमुक्त गाव सापडलं नसतं आणि वादमुक्त गावात कुणी राहू नये. समितीने दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशा गटांत तंटे नोंदवायचे आणि सामोपचाराने सोडवायचे. पण ही मोहीम गावांची. मनवेलपाडा नावापुरताच पाडा, प्रत्यक्षात महापालिकेतलं शहर. इथे तिसरा माणूस म्हणून सोसायटीचा चेअरमन, नगरसेवक नाहीतर ठाण्यातला हवालदार. तंट्याचा चुलतभाऊ कज्जा: अरबीतून आलेला, न्याय देणारा काजी ज्या कुळातला त्याच कुळातला. कज्जा कोर्टातच शोभतो, आणि त्यावर पोट भरणारा कज्जेदलाल.

या सगळ्यांत जिला मिटण्याचं क्रियापदच फारसं नाही, ती भाऊबंदकी. भाऊबंदकी चालते, माजते, पिढ्यान्‌पिढ्या राहते. 'भाऊबंदकी मिटली' असं क्वचित ऐकू येतं. खाडिलकरांनी याच नावाचं नाटक लिहिलं ते पेशव्यांच्या घरावर. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. चुलता रघुनाथराव पुढे गादीसाठी इंग्रजांकडे गेला, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहात त्याने त्यांना देऊ केलं काय, तर साष्टी आणि वसई. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेली हीच वसई. १७८० मध्ये इंग्रजांनी ती घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहात परत दिली. मग रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव पुण्याहून पळून इथेच आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहावर सही करून इंग्रजांची तैनाती फौज घेऊन बसला. पुण्यातल्या एका घरातली भाऊबंदकी, आणि दोन पिढ्या पणाला लागत होती ती वसई.

आताची भाऊबंदकी सातबाऱ्यावर असते. वसई तालुक्यात वाड्या होत्या तिथे इमारती आल्या, गुंठ्याचा भाव चढला, आणि पणजोबाच्या नावावरच्या तुकड्याला वारसनोंदीत पंधरा-वीस नावं लागली. एकाने बिल्डरला सही दिली, दुसरा म्हणतो मला विचारलंच नाही. जेवणावळीत कुजबूज होते ती भाऊबंदकीची. जागेवरच्या पत्र्याच्या पाटीवर मात्र लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'सदर मिळकतीबाबत न्यायालयात वाद प्रलंबित आहे, कोणीही खरेदी-विक्रीचा व्यवहार करू नये.'